वजनवही

बेटावरच्या प्रत्येक माणसाचं वजन मला ठाऊक आहे.
मी एजंट, विमान कंपनीचा.
म्हणजे एक काटा, एक वही, एक रेडिओ,
आणि धावपट्टीवरची डुकरं हाकायला एक शिट्टी.

काटा मुळात खोबऱ्याचा.
माणसं त्यावर अनवाणी चढतात, श्वास रोखून,
जणू श्वासाचंही भाडं पडेल.
मी आकडा मोठ्यानं वाचत नाही, फक्त लिहितो.
नेई काटिया अठ्ठ्याहत्तर, तिचं बोचकं नऊ.
टेन बुरेइमोआ सत्तर, आणि बगलेत कोंबडा.
कोंबडा दीड किलो असावा;
काट्यावर गप्प उभा राहील तर शपथ.

विमान मंगळवारी येतं असं फलकावर लिहिलंय.
मंगळवार येतो दर आठवड्याला.

राजधानीत कंपनीची दोन विमानं आहेत:
एक उडतं,
दुसरं शेडमध्ये उभं राहून त्याला अवयव देतं.
गेल्या वर्षी चाक दिलं, नाताळात पंप,
आता म्हणे त्याच्याकडे द्यायला काही उरलं नाही.
नवा भाग निघालाय तीन समुद्रांपलीकडून,
कुठल्याशा कस्टमच्या फळीवर झोपलाय.
इंधनाची पिंपं बोटीनं येतात,
आणि बोट इंधनासाठी धक्क्याला खोळंबते.
पायलट टेबोरा दुप्पट पगारावर मोठ्या देशात गेला.
नावं कोण ठेवणार? मलाही बोलावलं असतं तर...
पण काटा वाचणाऱ्याला कोण बोलावतं.

दर महिन्याला पत्र लिहितो:
भरतीचं पाणी धावपट्टीच्या पूर्व टोकाला लागलं,
आजवर बारा पावलं गेली.
उत्तर नाही. तेही विमानानंच यायचं ना.
शिवाय आपलं वजन ते कितीसं? सहाशे माणसं.
सगळी एकदम काट्यावर चढवली
तरी तिथल्या टेबलावरचा एक कागद हलायचा नाही.

नेई टेराका शाळेत शिकवायची.
वहीत तिचं नाव तेव्हा तीनदा होतं.
एकसष्ट.
अठ्ठावन्न.
मग एकावन्न, तेव्हा मी काट्याखाली हात घालून पाहिला,
खडा अडकलाय का.
खडा नव्हता.
नर्सच्या आधी माझ्या वहीला कळलं
आणि वही मी मिटली.

तीन मंगळवार ती केवड्याची चटई घेऊन आली,
शेडच्या सावलीत बसली.
आकाशाकडे बघायची नाही.
धावपट्टीच्या मधोमध पोरांनी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलेलं,
कोण हरतंय ते मला ओरडून सांगायची.

चौथ्या मंगळवारी आवाज आला.
जाळं सोडा! डुकरं हाका!
नवा पायलट पोरगेला, घामानं निथळलेला.
म्हणाला, परतीचं इंधन सोबत घेऊन आलोय,
जागा नऊ दिसतात, पण माणसं पाचच.
मी बेरीज तीनदा केली.
नेई टेराका त्रेचाळीस.
तिच्यामुळे पाच जणांवर एकोणचाळीस किलो उरले.

किआबो परीक्षेला निघालेला, बोचक्यासकट बेचाळीस.
त्यानं आईनं बांधलेला नीरफणस काढून खाली ठेवला,
पुन्हा काट्यावर चढला, डोळे मिटून.
"नीट जेव तिथे," टेराका त्याला म्हणाली,
"मी उतरवलेलं वजन नेतोयस, वाया घालवू नकोस."
तो हसला नाही. आम्ही दोघं हसलो.
नीरफणस संध्याकाळी मी त्याच्या आईकडे पोचवला.

दोन महिने झाले.
काल परतीची यादी रेडिओवर वाचत होते.
नाव स्वच्छ आलं: नेई टेराका.
पुढचा आकडा वाऱ्यात अडकला.
बेचाळीस म्हणाले, की बावन्न?
पुन्हा सांगा, म्हणालो. पुन्हा सांगा.
नुसती खरखर. मग एकच वाक्य, अगदी कानाशी:
या मंगळवारी विमान नाही. पंप.

नाव लिहून ठेवलंय, पुढचा रकाना मोकळा.
पोरांनी परत जाळं बांधलंय, बारा पावलं अलीकडे.
पूर्वेकडची पोरं हरतायत.
तिला सांगायला हवं.