तिसऱ्या डब्यातलं प्रेत

सिनेमात माझे वडील मेलेले आहेत
पहिल्याच मिनिटापासून.

बोर्जोमीहून वर बाकुरिआनीला जाणारी गाडी,
सदतीस किलोमीटरला अडीच तास.
त्बिलिसीहून आलेला दिग्दर्शक म्हणे म्हणाला,
थरारपट काढायचाय, पण धावती गाडी परवडत नाही,
तेव्हा रांगतीवरच भागवू.

म्हणून खुनी जिवाच्या आकांतानं पळतो
आणि गाडी त्याच्याशी गप्पा मारल्यासारखी शेजारून चालते.
गुप्तहेर उडी मारतो, झऱ्यावर तोंड धुतो,
एका म्हातारीशी बटाट्याच्या भावावरून हुज्जत घालतो
आणि परत त्याच डब्यात चढतो,
एका हातात रोखलेलं पिस्तूल,
काखेत बटाटे.

वडील त्याच गाडीवर तिकीट तपासायचे.
प्रेत म्हणून त्यांना निवडलं
कारण त्यांना उभ्याउभ्या झोपता यायचं.
रोजचे तीन रूबल, आणि शेवटी तो कोट,
पाठीत सुरीएवढं भोक असलेला.
आईनं ते भोक रफू केलं. पुढचे अकरा हिवाळे
ते खून झालेल्या कोटात कामावर गेले.

सतराव्या मिनिटाला त्यांचा हात हलतो.
आईनं विणलेली बंडी आत टोचत होती,
बोटं हळूच बरगडीकडे सरकतात, थबकतात,
काही घडलंच नाही अशी परत जातात.
दरवर्षी नाताळानंतर सभागृहात सिनेमा लागतो
आणि दरवर्षी तिथे आई अंधारातून ओरडते,
"मेल्या, खाजवू नकोस!"
आयुष्यभर दिलेल्या त्या शिवीला
एवढी एकच जागा अगदी चपखल बसली.

शेवटचं रीळ आमच्याकडे आलंच नाही.
अव्तांदिलच्या मोटारसायकलवरून ते बर्फात कुठेतरी घसरलं,
तो म्हणतो, लांडग्यानं नेलं.
गाडी पुलावर येते, गुप्तहेर सगळ्यांना ओळीत उभं करतो,
बोट उचलतो,
आणि पडदा पांढरा.

तेव्हापासून गावात दोन तट.
औषधवाला झाउर म्हणतो, स्वयंपाकीण.
मास्तरीणबाई गुप्तहेराचंच नाव घेतात
(त्यांचा पहिला नवरा पोलिसात होता).
यावरून दोन सख्खे भाऊ एका विहिरीचं पाणी भरेनात.

सगळं चित्रीकरण संपेपर्यंत तिथे पडून होता
तो एकच माणूस.
वडिलांना कोणी वाइन पाजली, कोणी चीज दिलं,
त्यांनी दोन्ही घेतलं आणि म्हणाले,
"मेलेल्याला कशाला साक्षीला बोलावता?"

इस्पितळात शेवटच्या रात्री
आई त्यांच्या तोंडाशी वाकली.
मला वाटलं, निरोप घेतेय.
"ज्युंबेर," ती म्हणाली, "आता तरी सांग. कोण?"

त्यांनी एकच डोळा उघडला.
"लामारा, आपली गाडी तुला ठाऊक आहे.
तो अजून पोचला नसेल."

आता संध्याकाळी आई स्टेशनवर जाऊन बसते,
मांडीवर अर्धी विणलेली बंडी, कोणासाठी ते सांगत नाही.
पाचची गाडी सव्वासहाला येते.
एकेक जण उतरतो, पिशव्या, स्की, झोपलेली मुलं.
ती सुया थांबवते
आणि प्रत्येकाचे हात बघते.