पोटात घातलेलं

पलंगावर तुझ्या बाजूला अजून तो खड्डा आहे
चौतीस वर्षांच्या झोपेनं पाडलेला.
रात्री तू त्यात घरंगळतोस
आणि वाटतं, एखादं पोर
बापाच्या जागेवर निजलंय.
नवी गादी घेऊ म्हणालास. मी म्हटलं, बर्फ वितळू दे.
खरं सांगू, मला तो खड्डा टाकून देववत नाही.

गेल्या फेब्रुवारीत, सेंट जॉन्सला ऑपरेशनला जायच्या आधी
इथल्या दवाखान्यातला काटा तुला पुरला नाही.
मग संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, धक्क्यावर गेलो.
कॉडच्या पेट्या मोजतात त्या काट्यावर
सायलस नूननं तुला उभं केलं.
आकडा त्यानं मोठ्यानं वाचला नाही.
कागदावर लिहिला, घडी घातली, माझ्या हातात दिला,
चर्चमध्ये वर्गणीचं पाकीट देतात तसा.

आता आकडा तूच सांगत सुटतोस, कुणी विचारो न विचारो.
एकशे सात.
रक्तदाबाची गोळी बंद. साखर पोरासारखी, नर्स म्हणाली फोनवर.
लोह मात्र कमी. बी-बाराचं इंजेक्शन महिन्याला.
आणि बोटं सतत गार;
जुलैत लोकरीचे हातमोजे घालून
कुंपणाला रंग देत होतास.
केस गळत होते तेव्हा न्हाणीच्या जाळीतून
मी ते गुपचूप काढायचे.

श्वासाचं यंत्र ऑक्टोबरात परत गेलं.
नऊ वर्षं त्याच्या फुसफुशीवर झोपले होते मी.
पहिल्या रात्री इतकं शांत झालं
की उठून तुझ्या नाकापुढे हात धरला.
अजून धरते. तुला माहीत नाही.

रविवारी रांधते मात्र तेवढंच. हाताला माप कळत नाही.
खारं मांस, सलगम, कोबी.
तू चार चमचे खातोस, मग थांबतोस,
दारावर कुणी टकटक केल्यासारखा.
पाणी अर्ध्या तासानं, घड्याळ बघून.
उरलेलं कुत्र्याला.
आता जिना चढताना तो धापा टाकतो.

लग्नात तुझी आई म्हणाली होती,
हा सगळं पोटात घालतो, भांडण व्हायचं नाही तुमचं.
झालंच नाही.
मासेमारी बंद झाली, होडी विकली, पोटात घातलंस.
ॲम्ब्रोज बर्फाखाली गेला
त्या रात्री ओट्याशी उभ्या उभ्या
लोणी फासून अख्खा पाव खाल्लास
आणि भावाचं नाव पुन्हा घेतलं नाहीस.

आता पोटच उरलंय केळ्याएवढं.
त्यात काय काय मावणार?
मार्चमध्ये भिंतीवर बशी फुटली. मी फोडली नव्हती.
ईस्टरला जावयाला तोंडावर सुनावलंस,
मी बारा वर्षं मनात घोळवत होते तेच, जवळपास शब्दाला शब्द.
आणि परवा मंगळवारी, अंड्याच्या दुसऱ्या घासाला,
"मीच म्हटलं होतं त्याला. जा तू पुढं, बर्फ जाड आहे."
चमचा खाली ठेवलास.
अठ्ठावीस वर्षं मी या वाक्याच्या शेजारी झोपले.

दुकानात बायका म्हणतात, नवरा अर्धाच उरला की तुझा!
मी हसते. सुटे पैसे मोजते.

आज वर्ष झालं.
खाडी घट्ट गोठलीय. सकाळी खिडकीत उभा राहून म्हणालास,
चल, त्या जागेपर्यंत जाऊन येऊ,
आता मला पेलेल ती.

तुझे जुने बूट शोधतेय. ढगळ होतील,
मोज्यांच्या दोन जोड्या घाल.
बर्फावर शेजारी शेजारी चालू नये,
वजन एका जागी पडतं,
तूच शिकवलंस मला.
तरी.