शेऱ्याचा रकाना

शस्त्रागाराची किल्ली माझ्या कमरेला असते.
खोली दहा बाय आठ. एक झरोका,
त्यातून अहमदपूरच्या बसस्थानकाचा कोपरा दिसतो,
रात्री अकरानंतर तोही नाही.

रजिस्टरात सहा रकाने:
तारीख, बक्कल नंबर, हत्यार, काडतुसं, सही
आणि शेवटी शेरा.
तो मी बारा वर्षांत कधी भरला नाही.
फार तर "निरंक".

नऊशे चौदा म्हणजे पिंपळपल्ले हवालदार.
रस्त्यावर कोणी गेलं, विहिरीत कोणी सापडलं
की साहेब म्हणायचे, पिंपळपल्लेला पाठवा,
त्याची जीभ मऊ आहे.
साहेब बदलत गेले. जीभ तीच.
एकवीस वर्षं निरोप तोच नेतो
किनगावच्या अलीकडे, शिरूर ताजबंदच्या पलीकडे,
तांड्यांवर, वस्त्यांवर.
टोपी काखेत घेतो
आणि आधी पाणी मागतो.
तहान नसते.
बाई आत पाण्याला जाते
तेवढा वेळ तिचं घर अजून घर असतं.

आता तो गल्लीत दिसला तरी बाया दारं लावून घेतात.
एकदा नुसता चोरीच्या शेळीचं विचारायला गेला,
तर एका म्हातारीनं हंबरडा फोडला
तिन्ही लेकांची नावं घेऊन.
ठाण्यात आम्ही हसलो होतो त्यावर.
मीही हसले होते.

त्याची बायको मनकर्णा दवाखान्याच्या रांगेत भेटली.
म्हणाली, ताई, हे दार वाजवनाच झालेत.
मागच्या भिंतीवरून येतेत चोरावानी.
म्हणतेत, कडीला हात लावला की भ्याव वाटतंय,
आत कोण उभं असंल, काय सांगावं लागंल.
पाणी दिलं तर तांब्या तसाच ठेवतेत.

परवा रात्री पावणेबाराला आला.
गस्तीची ड्यूटी. सही केली.
सही कसली, नुसती रेघ,
कागद फाटेल इतकी दाबून.
मी म्हटलं, दहा काडतुसं.
तो म्हणाला, एक बस झालं.
मग हसला.
मोजणं माझं काम आहे,
पण ते हसणं मला मोजता आलं नाही.

पिस्तूल मी कपाटात परत ठेवलं.
कुलूप. मग दुसरं कुलूप.
म्हटलं, घोडा अडकतोय, दुरुस्तीला काढलंय.
अडकत नाही, हे त्याला माहीत होतं.
"लिवून देताव का मॅडम तसं?"
लिहिते की. बसा.

स्टुलावर बसला. टोपी काखेत.
आणि म्हणाला, "जरा पाणी द्या."

माठ बाहेर व्हरांड्यात आहे.
मी उठले नाही.
माझीच बाटली त्याच्याकडे सरकवली
आणि म्हटलं, सांगा,
कोणाचा निरोप आणलाय?

पंख्याची करकर ऐकत बसलो बराच वेळ.
मग बोलला, पहाटे साडेचारपर्यंत,
मागचं पुढं, पुढचं मागं.
किनगावच्या वळणावरचं पोरगं,
त्याच्या खिशातले भाजके शेंगदाणे,
ते अजून गरम होते, म्हणाला.
हे तीनदा म्हणाला.
सांत्वनाचं मला काही येत नाही.
मी शेंगदाण्यांचं ऐकत राहिले.

सकाळी साहेब म्हणाले, आठ दिवस रजा द्या,
कारण पाठदुखी लिहा.
लातूरच्या डॉक्टरकडे दर गुरुवारी तो एसटीनं जातो,
दोनदा मीही गेले, शेजारच्या सीटवर.
वेड्याचा डॉक्टर, असं ठाण्यात कोणीतरी पुटपुटलं.
तो कोणीतरी परवा मला एकटीला गाठून
नंबर विचारून गेला.

मनकर्णा सांगते, येतेत अजून भिंतीवरूनच.

रजिस्टरात नऊशे चौदासमोर मी लिहिलंय:
दुरुस्तीस ठेवले.
पुढच्या महिन्यात तपासणी आहे.
साहेब रकान्यावर बोट ठेवतील,
पिस्तूल तर चालू आहे, मग हे काय?
उत्तर अजून सुचलेलं नाही.
खोडणार मात्र नाही.