मका कोणत्या कुशीवर

फोनवर सगळे घाईत विचारतात:
टोर्नेडो होता की नव्हता?
मी म्हणतो, आधी मका बघू द्या.

जेम्स नदीच्या पूर्वेला, वेस्टरबीच्या अलीकडे सात मैल.
जुलैची एकोणीस तारीख. छातीएवढा मका
सगळा आडवा, सगळा एकाच कुशीवर,
आग्नेयेकडे तोंड करून,
जणू कुणी ओल्या हाताने मांजराची पाठ चोळली.

वावटळ असती तर तिने भांग पाडला असता.
मधल्या रेघेकडे दोन्ही अंगांची ताटं झुकली असती,
चुलीपाशी कुजबुजणाऱ्या जावांसारखी.
इथे कुजबुज नाही.
इथे फक्त ढकलणं.

पण झाडं?
झाडं साक्षीला उरलीच नाहीत.
पहाटे पाचला ट्वेट आला, त्याचे तीन मुलगे,
हातात यांत्रिक करवती.
दुपारपर्यंत कॉटनवुडचे ओंडके रचून झाले,
पत्रे एका ढिगात, खिळे कॉफीच्या डब्यात.
इतकी माया, की पंचनाम्यापुरतंही काही ठेवलं नाही.
रागवायचं तरी कुणावर?

मी खड्ड्यांकडे वळलो.
झाड उचलून नेता येतं,
ते उन्मळलं तो खड्डा नेता येत नाही.
अलीकडे खड्डा, पलीकडे मुळांत गुंतून
उभी राहिलेली माती,
आणि त्याच्याही पलीकडे, जिथे आता फक्त भुसा,
तिथे झाड निजलं होतं.
होकायंत्र, वही.
एकतीस खड्डे. एकतीसही आग्नेय.

एक पत्रा मात्र वायव्येला, कुंपणाला टेकून.
त्याच्यापाशी माझा अर्धा तास गेला.
गुडघ्यावर बसून ओरखडे पाहिले, फोटो काढले,
मनात एक छोटा भोवरा फिरवूनही पाहिला.
मग कळलं, ट्वेटच्या धाकट्याने तो तिथे लावलाय,
वासराला सावली हवी म्हणून.

आल्विना ब्रेक्के माझ्या मागून चालत होती.
वय एक्क्याऐंशी, पायांत नवऱ्याचे बूट.
"मालगाडीसारखा आवाज होता," ती म्हणाली.
सगळेच म्हणतात. मी लिहून घेतो.
सरळ वाराही गाडीसारखाच येतो,
फक्त वळत नाही.

गोठा होता तिथे ती थांबली.
"ऑर्लिन गाई आत घ्यायला निघाला,
तेव्हा मीच म्हणाले,
जा, काही नाही, नुसता वारा आहे."
एवढं बोलून तिने डब्यातला एक वाकडा खिळा उचलला
आणि अंगठ्याने सरळ करत राहिली.

माझ्या फॉर्मवर दोन चौकोन.
एका चौकोनात ती चुकली होती.
दुसऱ्यात ती बरोबर होती.
यातला हलका कोणता?
इतकी वर्षं या कामात,
आणि हे मोजायचं काही माझ्याकडे नव्हतं.

"ताशी शंभर मैलांच्या वर," मी म्हणालो.
"लहानसहान टोर्नेडो याच्यापुढे काहीच नाही.
पण फिरला नाही.
ढगातून खाली कोसळला आणि पसरला,
फरशीवर बादली उपडी व्हावी तसा."

ती मक्याकडे बघत होती.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"म्हणजे वाराच."
"वाराच."
"पण नुसता नव्हे ना?"

फॉर्मवर त्या शब्दाला रकाना नाही.
"नाही," मी म्हणालो. "नुसता नव्हे."

तिने खिळा एप्रनच्या खिशात टाकला.
ऊन कलंडलं होतं, वासराची पाठ उघडी पडली होती.
ती कुंपणाकडे गेली
आणि तो पत्रा ओढत हातभर पुढे सरकवला.
मी काही बोललो नाही.
माझं मोजून झालं होतं.