नोंद नसलेला नमुना

बाबा पाळीच्या खाणीवर वजनकाटा बघायचे.
ट्रक चढला की डोळे मिटून आकडा सांगत:
दहा टन दोनशे.
मी ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या तळमजल्यावर
श्वास रोखून मोजते
शून्य पूर्णांक दोनशे ग्रॅम.
पंखा बंद. दारातून रुझार म्हणतो,
"बाय, शिंकू नको हां."

रुझारच्या घरी तीन पिढ्या पाव भाजला.
थर्मोकपल बिघडलं तरी त्याचं अडत नाही.
मुशीच्या पोटातला रंग बघतो,
लाल, मग नारिंगी, मग ते पांढुरकं पिवळं
ज्याला त्याच्याकडे शब्द नाही.
नुसती मान हलवतो.
म्हणजे अकराशे. म्हणजे ओत.

पितळी पाटावर ओततो आम्ही,
वरून दुसरा पाट दाबतो.
रांगेत उभं राहायला कणांना वेळच देत नाही.
जो जिथं होता तिथंच थिजला,
त्या गर्दीला काच म्हणायचं.
रात्रभर चारशेवर ठेवावी लागते,
नाहीतर आतला ताण सकाळी तडकून बोलतो.

लोह थोडं असलं तर एकेकटं असतं,
चुंबक म्हणेल तिकडे वळतं.
वाढवलं की शेजार लागतो,
आणि एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं मुद्दाम खाली.
आलेखाची रेघ शून्याच्या डावीकडे टेकते.
सर म्हणतात, उणे येणारच.
मला आमच्या गावातली दोन घरं आठवतात:
एक म्हणे खाण सुरू करा,
एक म्हणे बंद आहे तीच बरी,
मध्ये एकच विहीर.

शिगम्याला गेले तेव्हा
काट्याच्या खोलीमागून मूठभर लाल धूळ आणली.
लहानपणी याच धुळीतून दोरीला बांधून चुंबक ओढायचे,
त्याला काळी दाढी फुटायची.
चाळली, सुकवली,
बोरॅक्सबरोबर मुशीत घातली.
वहीत नोंद केली नाही.
रुझारने पाहिलं, आणि पाहिलं नाही.

काच निघाली मधासारखी.
लालचा मागमूस नाही.
वर्णपटात निळा सगळा गिळलेला,
पिवळ्यापासून पुढचं मोकळं सोडलेलं.
चुंबक जवळ नेला.
दाढी नाही, ओळखही नाही.

बाबांनी तळहातावर घेऊन जोखली.
"आठ ग्रॅम," म्हणाले. साडेआठ होती.
"टनाला काय भाव?"
मी म्हटलं, टनात नसते ही.
"मग कशाला करता?"
मला पटकन काही सुचलं नाही.

आता ती काट्याच्या जुन्या पावत्यांवर असते,
पंख्याने उडू नयेत म्हणून.
चारच्या सुमारास ऊन आत येतं
आणि सगळ्यात वरच्या पावतीवर,
नेमकं वजनाच्या रकान्यात,
रुपयाएवढा पिवळा डाग पडतो.
बाबा खुर्ची थोडी सरकवतात,
सावली पडू नये म्हणून.