तिसरा डबा

लोकमान्य नगरात गाडी साडेसातला येते.
ओला, सुका आणि तिसरा डबा –
सुया, डायपर, उरलेली औषधं.

रामकन्या पूर्वी पोतं घेऊन फिरायची.
आता हिरवं जॅकेट, गळ्यात कार्ड,
पगार दहा तारखेला, कधी वीसला.
भंगार मात्र तिचं राहिलं नाही;
बाटली बाजूला ठेवली तर चोरी.

आमचं घर तिला कचऱ्यावरून कळतं.
"भय्या, आई बरी आहे ना?
पंधरवडा झाला, इन्सुलिनची सुई नाही आली."

मी डबा धरून उभा.
आदल्या दिवशी शेजारी तेराव्याला जेवले,
पत्रावळी ओल्यात की सुक्यात
एवढंच विचारून गेले.

तिने हातमोजा काढला.
डबा
उघड्या हातांनी घेतला.