एक तास पुढे

पैप्सी सरोवर आमच्या गावाशी येऊन निमुळतं होतं,
इतकं, की दुर्बीण लावली
तर पलीकडच्या काठावर कुणी सरपण फोडताना दिसतं.
कुऱ्हाड आधी पडते,
आवाज सहा सेकंदांनी येतो.
मी मोजलेत.

बंदरावरची नोंदवही माझ्याकडे असते.
कुठली होडी किती वाजता गेली, किती वाजता आली,
ब्रीम किती, पर्च किती, माणसं किती.
माणसांचा रकाना जुळला
की दार ओढून घरी जायचं.

हद्द पाण्याच्या मधोमध आहे.
उन्हाळ्यात तिथे पिवळे बोये डुलतात,
हिवाळ्यात बर्फात रोवलेल्या स्प्रूसच्या फांद्या.
झिनोवी जाळं विणता विणता म्हणतो,
माशांना कागदपत्रं लागत नाहीत,
म्हणूनच बिचारे पकडले जातात.

उन्हाळ्यात दोन्ही काठांवर एकच वाजतो.
ऑक्टोबर सरता सरता आम्ही घड्याळं मागे घेतो,
ते घेत नाहीत.
मग धक्क्याच्या टोकाला गेलं
की खिशातला फोन परका मनोरा धरतो
आणि न विचारता तासभर पुढे जातो.
शाळेतल्या हेल्वेबाई एकदा अशाच फसल्या,
काळोखात येऊन
रिकाम्या बाकांना तासभर हजेरी विचारत बसल्या.
तेव्हापासून किती वाजले म्हटलं
की गाव उलट विचारतं, कुणाचे?

कपितोलिना कांदे लावते.
तिच्या ओसरीत कांद्यांच्या वेण्या इतक्या,
की आत जाताना मान लववावी लागते,
देवापुढे लववावी तशी.
तिची धाकटी बहीण उलिता पलीकडे दिली.
तेव्हा इथून बोट सुटायची,
तिकीट एका पावाच्या किमतीचं.
माहेर म्हणजे दुपारच्या चहाला जाऊन येण्याचं अंतर.

आता वर्षातून एकदा.
एकतीस डिसेंबर, आमचे रात्रीचे अकरा:
पलीकडे दारूकाम उडतं, त्यांचं वर्ष लागतं.
कपितोलिना धक्क्यावर कंदील तीनदा वर करते,
तिकडून एक ठिपका तीनदा वर होतो.
बस्स. एवढंच.
मग दोघी आपापल्या घरी जाऊन रडत असतील
किंवा नसतील.

यंदा दारूकाम झालं.
कपितोलिनाने कंदील तीनदा वर केला.
थांबली.
पुन्हा तीनदा.
बर्फ खालून कण्हल्यासारखा वाजला, तेवढाच.
मी दुर्बीण पुढे केली, ती तिने घेतली नाही.
म्हणाली,
"झोपली असेल. तिकडे उशीर झालाय ना."

मग माझ्या खोलीत येऊन
शेगडीपाशी बसली.
खिशातून कांदा काढला, मुठीने फोडला,
काळ्या पावावर मीठ घातलं,
अर्धा मला दिला.
"खा. आपल्याकडे अजून जुनंच वर्ष आहे."
तो सगळा तास आम्ही चावत बसलो.
डोळ्यांचं काय, कांदा होताच.

ती गेल्यावर मी वही उघडली.
तेवीस वाजता: दिवा नाही, असं लिहिलं.
खोडलं.
तेवीस वाजता: धुकं.
बाहेर चांदण्या इतक्या स्वच्छ होत्या
की त्यांची आकडेवारी मांडता आली असती.

आज मार्चचा शेवटचा रविवार.
बर्फ काठापासून सुटलाय,
गावाने घड्याळं तासभर पुढे केलीत.
कपितोलिनाचं भिंतीवर उंच आहे,
दर वर्षी स्टुलावर चढून
मीच फिरवते.

यंदा अजून गेलेले नाही.